ठणकणारा कान, प्रतिजैविके आणि स्वमग्नता : पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

मध्यकर्ण म्हणजे कानाच्या पडद्यामागची हवेने भरलेली छोटी पोकळी. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात एका अरुंद नळीचे तोंड असते आणि ती नळी या पोकळीपर्यंत जाते. तिला कंठकर्णनलिका म्हणतात. मोठ्या माणसात ती तिरपी उतरती असते, त्यामुळे पोकळीतले पाणी घशात निचरून जाते. तान्ह्या मुलात ती आखूड, मऊ आणि जवळजवळ आडवी असते. सर्दी झाली की तिचे तोंड सुजून बंद होते, आत पाणी साठते आणि नाका-घशात आधीच वस्तीला असलेले न्यूमोकोकस, हिमोफिलस, मोराक्सेला हे जीवाणू त्या पाण्यात वाढू लागतात. पडदा फुगतो, कान ठणकतो, मूल रात्रभर रडते. कधी पडद्याला भोक पडून पू बाहेर येतो आणि ठणका एकदम ओसरतो. घरोघरी याला ‘कान फुटला’ असे म्हणतात. हा आजार किती सार्वत्रिक आहे, हे बॉस्टनमधील मुलांच्या १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतून दिसते. वयाची तीन वर्षे पूर्ण होईपर्यंत त्यांतल्या ८३ टक्के मुलांना हा आजार एकदा तरी आणि ४६ टक्के मुलांना तीन किंवा अधिक वेळा होऊन गेला होता.

स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतली वेगळी वाट आहे. नजरेला नजर देणे, हाकेला वळणे, बोट दाखवून दुसऱ्याचे लक्ष वेधणे, बोलणे आणि खेळणे या गोष्टी अशा मुलात वेगळ्या रीतीने किंवा उशिरा येतात. एकच हालचाल, एकच वस्तू, एकच क्रम यांची ओढ असते. आवाज, स्पर्श, चव यांची संवेदना कधी फार तीव्र, तर कधी फार मंद असते. आईवडिलांच्या हे ध्यानात येते ते बहुधा मूल एक ते दोन वर्षांचे असताना. कान सर्वांत जास्त दुखतात तेही सहा महिने ते दोन वर्षे या वयात, आणि तेव्हाच अमॉक्सिसिलिनच्या गोड सायरपच्या बाटल्या घरात येतात. वादाचे मूळ या एकाच काळात आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की, वारंवारचा कानाचा संसर्ग किंवा त्यासाठी दिलेली प्रतिजैविके मुलाला स्वमग्नतेकडे ढकलतात. दुसरा पक्ष म्हणतो की, कान आणि स्वमग्नता यांची गाठ पडते हे खरे, पण ती गाठ औषधाने बांधलेली नाही. शास्त्रार्थाच्या जुन्या रीतीप्रमाणे पूर्वपक्ष आधी मांडायचा असतो, आणि तो त्याच्या पूर्ण बळानिशी.

पूर्वपक्ष : ही शंका कुणाच्या भीतीतून उपजलेली नाही, ती मोजमापातून आली आहे. कॅनडातील कॉन्स्टँटारियस आणि होमॅटिडिस यांनी १९८७ सालीच दाखवले की, स्वमग्न मुलांचे कान इतर मुलांपेक्षा जास्त वेळा दुखतात आणि पडद्यात निचऱ्याची नळी बसवण्याची वेळही त्यांच्यावर जास्त वेळा येते. स्वीडनमध्ये १९९९ साली १९९ स्वमग्न मुलांची तपासणी झाली, त्यांतल्या २३.५ टक्के मुलांच्या मध्यकर्णात पाणी साठलेले होते. अमेरिकेत नीहस आणि लॉर्ड यांनी २००६ साली मुलांचे जुने वैद्यकीय कागद तपासले, तेव्हा स्वमग्न मुलांत कानाचे संसर्गही जास्त आढळले आणि प्रतिजैविकेही. अमेरिकी सैनिकांच्या कुटुंबांच्या आरोग्यनोंदींवरून २०१६ साली तेच निघाले. आणि ब्रिस्टलच्या परिसरात १९९१-९२ मध्ये जन्मलेल्या दहा हजारांहून अधिक मुलांच्या पाहणीत तर प्रश्न आईला आधी विचारले होते आणि निदान नंतर झाले. दीड, अडीच आणि साडेतीन वर्षांच्या वयात ज्यांच्या कानातून चिकट स्राव येई, सर्दीत ज्यांना कमी ऐकू येई, जी तोंडाने श्वास घेत, घोरत किंवा कान ओढत, त्या मुलांत पुढे स्वमग्नतेचे निदान जास्त झाले. एवढ्या देशांत, एवढ्या वर्षांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर तिला योगायोग कसे म्हणायचे?

उत्तरपक्ष : म्हणू नयेच. कान आणि स्वमग्नता यांचा संबंध खरा आहे, आणि तो नाकारणारा डॉक्टर आईवडिलांचेही ऐकत नाही आणि आकड्यांचेही. पण संबंध म्हणजे कारण नव्हे. ब्रिस्टलच्या संशोधकांनीही कारण सापडल्याचा दावा केलेला नाही. शिवाय त्यांच्या यादीत घोरणे आहे, तोंडाने श्वास घेणे आहे. ही औषधाची लक्षणे नाहीत, नाका-घशाच्या आणि कानाच्या रचनेची आहेत.

उत्तरपक्षाने इथे जे मान्य केले ते महत्त्वाचे आहे. पुष्कळ दवाखान्यांत ‘तसा काही संबंध नसतो’ या एका वाक्यात विषय संपवला जातो. ते वाक्य अर्धेच खरे आहे, आणि त्यामुळे तपासायला हवा असलेला कान तपासायचा राहून जातो.

पूर्वपक्ष : मग औषधाकडे वळू. माणसाच्या आतड्यात कोट्यवधी जीवाणू नांदतात. पहिल्या दोन-तीन वर्षांत त्यांची वस्ती बसत असते, नेमका त्याच काळात मेंदूही वाढत असतो. या वस्तीवर प्रतिजैविकांचा मारा झाला की, काही जाती मरतात आणि त्यांच्या जागी दुसऱ्या माजतात. एलन बोल्ट या स्वमग्न मुलाच्या आईने १९९८ साली असा तर्क प्रसिद्ध केला की, प्रतिजैविकांनी विस्कटलेल्या आतड्यात क्लॉस्ट्रिडियम जातीचे जीवाणू वाढतात आणि त्यांचे विष मेंदूपर्यंत पोचते. हा तर्क जीवाणुशास्त्रज्ञ सिडनी फाइनगोल्ड यांच्यासारख्या जाणकारांनी गंभीरपणे घेतला. २००० साली अकरा मुलांना व्हॅन्कोमायसिन देऊन पाहिले. हे औषध तोंडाने घेतले की आतड्यातच राहते, रक्तात फारसे शिरत नाही. बहुतेक मुलांच्या वागण्यात सुधारणा दिसली. जे औषध फक्त आतड्यात काम करते त्याने वागणे बदलत असेल, तर आतड्याचा आणि वागण्याचा संबंध आणखी कसा सिद्ध करायचा? २००५ साली जोन फॅलन यांनी तीन वर्षांखालच्या २०६ स्वमग्न मुलांची माहिती गोळा केली. प्रत्येक मुलाचा कान सरासरी दहा वेळा दुखून गेला होता आणि प्रत्येकाला सरासरी बारा वेळा प्रतिजैविकांचा कोर्स दिला गेला होता. त्यांचा संशय अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यांच्या मिश्रणावर होता.

उत्तरपक्ष : फॅलन यांच्या २०६ मुलांशेजारी स्वमग्न नसलेली २०६ मुले उभी नव्हती. ज्या काळात अमेरिकेत जवळजवळ प्रत्येक मुलाचा कान दुखत होता आणि जवळजवळ प्रत्येक कानाला औषध मिळत होते, त्या काळात एकाच बाजूची मोजणी काय सांगणार? त्या लेखाने विचारलेला प्रश्न योग्य होता, पण उत्तर त्यात नव्हते. व्हॅन्कोमायसिनच्या प्रयोगात कोणते औषध दिले जात आहे हे पालकांना ठाऊक होते, खोटे औषध दिलेला गट नव्हता, आणि औषध थांबल्यावर सुधारणाही टिकली नाही. आतड्यातल्या जीवाणूंबद्दल बोलायचे तर ऑस्ट्रेलियातील २४७ मुलांच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने बाणाची दिशाच उलटी दाखवली. स्वमग्न मुले मोजकेच पदार्थ खातात, मोजक्या आहारामुळे आतड्यातल्या जीवाणूंची विविधता घटते. म्हणजे आतड्यामुळे वागणे बदलते असे नाही. वागण्यामुळे ताट बदलते आणि ताटामुळे आतडे.

आणखी एक गोष्ट आहे, ती तारखांची. लिओ कॅनर यांनी बाल्टिमोरमध्ये तपासलेल्या अकरा मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेला वैद्यकशास्त्रात जागा दिली ती १९४३ साली. ती मुले तिशीच्या दशकात वाढलेली होती. पेनिसिलिन सामान्य नागरिकांच्या हाती आले ते १९४५ नंतर आणि अमॉक्सिसिलिन बाजारात आले सत्तरच्या दशकात. त्या अकरा मुलांनी यांतले एकही औषध चाखलेले असणे शक्य नव्हते.

पूर्वपक्ष : हा युक्तिवाद कच्चा आहे. सिगारेट येण्यापूर्वीही फुप्फुसाचा कर्करोग होताच. एखादा आजार जुना आहे, एवढ्यावरून नव्या कारणाने तो वाढत नाही, असे ठरत नाही. अमेरिकेत २००० साली दर १५० मुलांत एक स्वमग्न आढळत होते, २०२२ साली दर ३१ मुलांत एक. मध्ये काहीतरी घडले असणार.

उत्तरपक्ष : सिगारेटचा दाखला अगदी बरोबर, तारखांचा युक्तिवाद त्यापुढे टिकत नाही. पण मग वाढीचा हिशेबही नीट तपासावा लागेल. स्वमग्नतेची व्याख्या रुंदावली, शोध घेणे वाढले, पूर्वी मतिमंद किंवा नुसते विचित्र म्हणून बाजूला टाकलेली मुले आता मोजली जातात. आणि ज्या दशकात निदाने वाढू लागली, त्याच दशकात अमेरिकेत १५ वर्षांखालच्या मुलांना दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांचे प्रमाण घटत होते. १९८९-९० ते १९९९-२००० या काळात ते ४० टक्क्यांनी खाली आले. औषध हे मोठे कारण असते, तर दोन्ही रेषा एकमेकींपासून दूर जाताना दिसल्या नसत्या.

वाद इथवर आला की, पुढे नुसत्या तर्काने सरकत नाही. लागतात ती अशी मोजमापे, ज्यांत औषध आणि औषध देण्याचे कारण यांची फारकत करता येईल. अडचण अशी की, प्रतिजैविक कोणत्याही मुलाला उगाच दिले जात नाही. ज्याला ते मिळते त्याला आधी ताप आलेला असतो, त्याचा कान दुखत असतो. त्याच्या घरचे डॉक्टरकडे जायला तत्पर असतात किंवा घरातच कुणी विडी ओढत असते, भावंडे शाळेतून सर्दी आणत असतात, आईचीही तब्येत नाजूक असते, आणि मुख्य म्हणजे त्याच्या शरीराची घडण एका विशिष्ट कुळातली असते. यांतली कोणतीही गोष्ट स्वमग्नतेशी निगडित असू शकते. दोन अनोळखी मुलांची तुलना केली की, हे सारे सामान त्या तुलनेत शिरते आणि शेवटी दोष बाटलीवर येतो.

यावर संशोधकांनी काढलेला उपाय साधा आणि सुंदर आहे : तुलना सख्ख्या भावंडांत करायची. आईवडील तेच, घर तेच, गावातला डॉक्टर तोच, चुलीचा किंवा विडीचा धूर तोच. एका भावंडाला पहिल्या वर्षात प्रतिजैविक मिळाले, दुसऱ्याला नाही. आता पुढे स्वमग्नता कुणात आढळते ते पाहायचे. औषध खरोखर कारण असेल, तर भावंडांतही फरक दिसला पाहिजे. फरक नाहीसा झाला, तर तो औषधाचा नव्हता, घराचा आणि कुळाचा होता.

कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात १९९८ ते २०१६ दरम्यान जन्मलेल्या दोन लाखांहून अधिक मुलांवर हा अभ्यास झाला. सुरुवातीच्या सरसकट तुलनेत जे दिसले त्याने दोन्ही पक्ष चकित व्हावेत : पहिल्या वर्षात प्रतिजैविक घेतलेल्या मुलांत स्वमग्नता सुमारे ९ टक्क्यांनी कमी होती. एवढ्यावरच थांबले असते तर ‘प्रतिजैविके स्वमग्नतेपासून वाचवतात’ असा मथळाही छापता आला असता. भावंडांची तुलना केली आणि तो फरक विरून गेला. वाचवणारे औषध खरे नव्हते, तसे बिघडवणारेही नव्हते. नेदरलँड्समधील जुळ्यांच्या अभ्यासात उलट बाजूने तेच घडले. सर्वसाधारण तुलनेत प्रतिजैविक आणि स्वमग्नता यांचा थोडासा संबंध दिसला. पण गुणसूत्रे आणि घर दोन्ही सारखे असलेल्या एकअंडी जुळ्यांत, एकाला औषध आणि दुसऱ्याला नाही अशा जोड्यांत, तो उरला नाही. दक्षिण कोरियातील लाखो मुलांवरचा अभ्यास २०२४ साली आला. गरोदरपणात आईने किंवा पहिल्या सहा महिन्यांत बाळाने घेतलेली प्रतिजैविके आणि पुढची स्वमग्नता यांच्यात, भावंडे जमेस धरल्यावर, एकंदरीने संबंध आढळला नाही.

पूर्वपक्ष : ‘एकंदरीने’ या शब्दात बरेच काही लपते. हजारातल्या दहा नाजूक मुलांना इजा झाली आणि उरलेल्यांना काहीच झाले नाही, तर सरासरी शून्याजवळच राहील. आणि त्याच कोरियन अभ्यासात जन्मानंतर अगदी लवकर किंवा दीर्घकाळ प्रतिजैविके मिळालेल्या गटांत धोका वाढलेला दिसला, हेही सांगितले पाहिजे.

उत्तरपक्ष : सांगितलेच पाहिजे, आणि त्या गटांचा आणखी अभ्यास व्हायला हवा असे संशोधकांनीही लिहिले आहे. पण जन्मानंतर लगेच किंवा दीर्घकाळ प्रतिजैविके कुणाला लागतात? अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या, रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या, काचेच्या पेटीत ठेवलेल्या बाळांना. मेंदूला धोका त्या आजारातच असतो. अशा बाळाचे औषध थांबवले तर स्वमग्नता टळत नाही, बाळ दगावते. कान दुखणाऱ्या दीड वर्षाच्या मुलाला पाच-सात दिवस दिलेले सायरप ही निराळी गोष्ट आहे, तिच्यावर तो निष्कर्ष लादता येत नाही.

या फेरीत पूर्वपक्ष पुरता हरलेला नाही. सरासरीआड लपलेल्या लहान गटाची शक्यता शास्त्रात खुली राहते. मात्र शक्यता खुली असणे आणि धोका सिद्ध होणे यांत मोठे अंतर आहे, आणि वीस वर्षे शोधूनही ते अंतर पूर्वपक्षाच्या बाजूने कमी झालेले नाही.

पूर्वपक्ष : उरते ती आईची आठवण. मूल ‘बाबा’, ‘भूभू’ म्हणत होते, टाटा करत होते. मग कान दुखला, औषध दिले, आणि पंधरा दिवसांत शब्द गेले. हे घरात उघड्या डोळ्यांनी पाहिलेले असते. ते खोटे आहे का?

उत्तरपक्ष : खोटे अजिबात नाही. काही स्वमग्न मुलांत आलेले शब्द खरोखरच जातात, बहुतेकदा सव्वा ते दोन वर्षांच्या दरम्यान. पण त्या वयातल्या कोणत्याही मुलाच्या कोणत्याही महिन्यात मागे वळून पाहिले तर एखादी सर्दी, एखादा कान, एखादी लस, एखादी बाटली सापडतेच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते. फांदी मात्र आधीपासून झिजत आलेली असते, याचे पुरावे आहेत. ऑस्टर्लिंग आणि डॉसन यांनी १९९४ साली पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती चित्रफिती तपासल्या. पुढे स्वमग्न ठरलेली मुले त्या दिवशीही लोकांच्या चेहऱ्याकडे कमी पाहत होती, हाकेला कमी वळत होती, बोट कमी दाखवत होती. जोन्स आणि क्लिन यांनी २०१३ साली दाखवले की, पुढे स्वमग्न ठरणाऱ्या बाळांचे डोळ्यांकडे पाहणे दुसऱ्या ते सहाव्या महिन्यातच ओसरू लागते, म्हणजे कानाच्या दुखण्याचा हंगाम सुरू होण्याआधी. आणि २०१४ साली अकरा स्वमग्न मुलांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूची तपासणी झाली, तेव्हा दहांच्या मेंदूच्या बाह्यस्तरात पेशींची मांडणी जागोजागी विस्कटलेली होती. ही मांडणी गर्भातच होते.

आईच्या आठवणीचा हा प्रश्न जुन्या जखमेवरचा आहे. स्वमग्नतेच्या इतिहासात आईवडिलांवर मोठा अन्याय झाला. कॅनर यांनीच १९४९ साली या पालकांच्या थंडपणाबद्दल लिहिले. पुढे ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ सालच्या पुस्तकात तोच विचार लोकप्रिय केला, आणि ‘थंड आई’मुळे मूल मिटून जाते असे शिकलेले लोक दोन दशके मानत राहिले. त्याला पहिला सज्जड विरोध केला तो बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ सालच्या ग्रंथात. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वमग्न मुलाचे वडीलही. १९७७ साली फोलस्टाइन आणि रटर यांनी इंग्लंडमधील एकवीस जुळ्या जोड्या अभ्यासल्या. अकरा एकअंडी जोड्यांपैकी चारांत दोन्ही मुले स्वमग्न होती, दहा द्विअंडी जोड्यांपैकी एकीतही नाही. पाच देशांतील नोंदींवरचा २०१९ सालचा हिशेब सांगतो की, स्वमग्नतेतला सुमारे ८० टक्के फरक आनुवंशिक घटकांतून येतो. तरी ‘माझ्याच हाताने चमच्याने पाजले’ ही बोच आजही आयांच्या मनात आहे. प्रतिजैविकांवरचा आरोप पुराव्याशिवाय फिरत राहिला, तर तो शेवटी त्याच चमच्यापाशी, त्याच हातापाशी येऊन थांबतो. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नेमके असणे ही दयेचीही गरज आहे.

पूर्वपक्ष : औषध कारण नसेल, तर स्वमग्न मुलांचेच कान जास्त का दुखतात? संबंध खरा आहे असे मान्य केले, पण त्याचा उलगडा केला नाही.

उत्तरपक्ष : उलगडा एका धाग्याचा नाही. एक धागा मुलग्यांचा : स्वमग्नता मुलग्यांत कितीतरी जास्त आढळते आणि कानाचा संसर्गही त्यांनाच थोडा जास्त होतो. दुसरा धागा गुणसूत्रांचा, आणि तो जास्त पक्का आहे. फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक विकारात स्वमग्नतेची लक्षणे पुष्कळ मुलांत असतात. याच मुलांचे संयोजी ऊतक सैल असते, कंठकर्णनलिका नीट उघडत नाही, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांचे कान लहानपणी पुन्हा पुन्हा दुखतात. डाउन सिंड्रोममध्ये चेहऱ्याच्या आणि नळीच्या रचनेमुळे कानात पाणी साठते, आणि त्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाणही जास्त असते. म्हणजे एकाच मुळातून दोन फांद्या फुटलेल्या. एक फांदी दुसरीतून आलेली नाही. सर्व स्वमग्न मुलांना हे लागू नाही, पण ‘दोन्ही एकत्र का’ या कोड्याचा नमुना त्यात दिसतो.

तिसरा धागा ऐकण्याचा. त्याकडे दोन्ही पक्षांनी जास्त लक्ष द्यायला हवे, कारण इथे वादापेक्षा काम मोठे आहे. कानाचा संसर्ग ओसरला तरी पडद्यामागे पाणी आठवडे, कधी महिने राहते. मूल रडत नाही, ताप नसतो, कान वाहत नाही. पण आवाज साधारण २० ते ३० डेसिबलने मंदावतो. कानांत बोटे घालून घरातले बोलणे ऐकावे तसे त्या मुलाला ऐकू येते : सूर कळतो, व्यंजने कळत नाहीत. ते हाकेला वळत नाही, बोलायला उशीर करते, आपल्यातच रमते. ही लक्षणे स्वमग्नतेशी इतकी मिळतात की कॅनर यांच्याकडे आलेल्या मुलांपैकीही काही आधी बहिरी समजली गेली होती. उलट चूकही होते. स्वमग्न मूल दुखऱ्या कानाकडे बोट दाखवत नाही, ते डोके आपटते, चावते, झोपत नाही. आणि घरचे व डॉक्टर त्याला ‘स्वभाव’ म्हणून सोडून देतात. आवाज सहन न झाल्याने कानांवर हात ठेवणारे मूल कान दुखणारे समजले जाते आणि कान निर्दोष असताना त्याला प्रतिजैविक मिळते. नोंदवहीत ‘कानाचा संसर्ग’ असे लिहिले जाते, आणि पुढच्या एखाद्या संशोधकाच्या आकड्यात तो संसर्ग मोजलाही जातो.

पडद्यामागच्या अशा पाण्यावर प्रतिजैविकांचा उपयोग नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१६ सालच्या मार्गदर्शक सूचना ती देऊ नयेत असेच सांगतात. सामान्य मुलात तीन महिने वाट पाहून ऐकणे तपासले जाते. त्याच सूचनांत स्वमग्न मुलांचा समावेश ‘जास्त जोखमीच्या’ गटात आहे : त्यांचे कान लवकर तपासावेत आणि पाणी हटत नसेल तर पडद्यात ग्रॉमेट नावाची इवली नळी बसवण्याचा विचारही लवकर व्हावा, असे त्या म्हणतात. नळीने स्वमग्नता जात नाही. मात्र आधीच अवघड असलेल्या बोलण्याच्या वाटेवरचा एक धोंडा बाजूला होतो.

पूर्वपक्ष : तर मग प्रतिजैविके निर्धास्त द्यावीत, असा अर्थ घ्यायचा का?

उत्तरपक्ष : मुळीच नाही. प्रतिजैविके जपून देण्याची कारणे भक्कम आहेत, फक्त स्वमग्नता त्यांत नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यानुसार कानदुखीच्या ६० टक्के मुलांचा ठणका, औषध दिले काय न दिले काय, २४ तासांत थांबतो. तिथे सुंठेवाचून खोकला जातो. दोन-तीन दिवसांनंतर एका जास्तीच्या मुलाची वेदना थांबावी म्हणून वीस मुलांना औषध द्यावे लागते, आणि औषध घेणाऱ्या दर चौदा मुलांमागे एकाला उलट्या, जुलाब किंवा पुरळ येते. शिवाय जीवाणू औषधाला सरावतात, ही आपल्याकडची फार गंभीर गोष्ट आहे. म्हणून सहा महिन्यांखालचे बाळ, दोन वर्षांखालच्या मुलाचे दोन्ही कान, वाहणारा कान, जोराचा ताप किंवा असह्य ठणका असेल तर औषध लगेच. इतरांत, विशेषतः दोन वर्षांवरच्या मुलात, वजनाप्रमाणे पॅरासिटॅमॉल देऊन दोन-तीन दिवस लक्ष ठेवणे चालते. हे ठरवायचे ते कानात पाहिलेल्या डॉक्टरांनी. मागची उरलेली बाटली काढून किंवा मेडिकलमधून परस्पर आणून नव्हे. आणि कानात कोमट तेल घालणेही नको : पडदा फुटलेला असेल तर ते आत जाते.

भीतीची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. प्रतिजैविके येण्यापूर्वी कानाचा पू कानामागच्या हाडात शिरत असे, तिथून मेंदूच्या आवरणापर्यंत जात असे आणि मुले दगावत. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकललेला दिसला, तर आजही तासांचा प्रश्न असतो. स्वमग्नतेच्या धास्तीने अशा वेळी बाटली नाकारणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

औषधाची गरजच कमी करण्याचे मार्ग घरात आहेत आणि सरकारी लसीकरणातही. अंगावरचे दूध, बाटली आडवे झोपवून न देणे, विडी-सिगारेटच्या आणि चुलीच्या धुरापासून बाळाला दूर ठेवणे यांनी कानाचे संसर्ग घटतात. न्यूमोकोकसची लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ पासून देशभर आली. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयांत ती मोफत मिळते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने डिसेंबर २०२० मध्ये देशात तयार झालेली अशी पहिली लस आणली. ती मुख्यतः न्यूमोनियासाठी दिली जाते. तिचा फायदा कानालाही थोडा होतो.

तपासणीची वाटही इथे आखलेली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरला झाला. त्याची फिरती पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात आणि तीस स्थितींची यादी घेऊन मुले तपासतात. त्या यादीत कानाचा संसर्ग बालपणीच्या आजारांत आहे, तर कमी ऐकू येणे, भाषेतला विलंब आणि स्वमग्नता विकासाच्या अडचणींत. ज्या मुलाच्या नावापुढे यांतली कोणतीही खूण येते, ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले जाते. तिथे बालरोगतज्ज्ञ, श्रवणतज्ज्ञ, वाचाउपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ एकाच छताखाली असावेत अशी योजना आहे. कानाचा पडदा पाहणे, पडद्यामागचा दाब मोजणे आणि गरज पडल्यास झोपेच्या औषधाखाली, आवाजाला मेंदूचा प्रतिसाद मोजणारी बेरा चाचणी करणे एवढे झाले की, मुलाला ऐकू येते की नाही हे कळते. बोलणे आणि वागणे यांची पारख त्यानंतर सुरू होते, आणि कानात पाणी सापडले म्हणून ती थांबवली जात नाही, कारण एकाच मुलात दोन्ही असू शकतात.